रोमचा नाकाड्या

उंची जेमतेम सव्वा मीटर, अंग ओतीव लोखंडाचं, वजन शंभर किलोच्या आसपास आणि पोटातून पुढे आलेली बाकदार नळी. त्या नळीवरूनच रोमकरांनी त्याला ‘नासोने’, म्हणजे नाकाड्या, म्हणायला सुरुवात केली. लुइजी पियांचानी महापौर असताना, १८७४ च्या सुमारास हा पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ रस्त्यावर आला. घरात नळ नसलेल्यांची तहान भागवणं हे त्याचं पहिलं काम. थोरल्या भावंडांना तीन-तीन नळ्या होत्या, त्यांच्या टोकांना ड्रॅगनची मुखं होती. त्यांतलं एक पँथिऑनसमोरच्या चौकात अजून उभं आहे. पुढच्या पिढीनं नक्षी टाकली, साधं नाक ठेवलं. आज शहरात अशी अडीच हजारांच्या आसपास भावंडं आहेत.

देणं हा त्याचा स्वभाव. त्याला चावी नाही, पाणी अखंड वाहतं. म्हणूनच ते नळ्यांत साचून राहत नाही, भर जुलैतही गार लागतं. शहराला पिण्यासाठी येतं तेच हे पाणी. बाटली नसेल, तर नळीचं तोंड बोटानं दाबावं. वरच्या बारीक छिद्रातून धार थेट ओठांशी येते.

रोममध्ये उन्हाळ्यात पाण्याचा खर्च नकळत वाढतो. जेवायला बसलं की साधारणतः बाटलीचं पाणी विकतच घ्यावं लागतं, आणि कोलोसियमच्या परिसरात ते आणखी महाग पडतं. चौघांच्या कुटुंबानं दिवसभर बाटल्या घेतल्या, तर एका वेळच्या साध्या खाण्याचे पैसे त्यातच जातात. एरवी काटकसर म्हणजे काहीतरी सोडणं. नाकाड्यापाशी बाटली भरली, तर काहीच सोडावं लागत नाही, उलट उत्तम पाणी मिळतं.

२०१७ च्या दुष्काळात पाणी वाचवण्यासाठी या नाकाड्यांतले काही बंद करायला सुरुवात झाली, तेव्हा बेघरांनी प्यायचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यावरूनच त्याची खरी थोरवी कळते. पर्यटक, फेरीवाला, बेघर, साऱ्यांना तो एकच पाणी देतो आणि कुणाला काही विचारत नाही.

रोमला जाल तेव्हा रिकामी बाटली सोबत ठेवा. ‘नॉन पोताबिले’, म्हणजे पिण्यायोग्य नाही, अशी पाटी असलेलं कारंजं टाळा, नाकाड्याशी मात्र निर्धास्त थांबा. भरून झालं की मागच्याला जागा द्या.