वॉर्ली कोण घेतंय?

शनिवारी रात्री अकराला आम्ही चौघं डिस्कॉर्डवर भेटतो. इंजिनिअरिंगचे बॅचमेट. दोघं पुण्यात, एक बंगळुरूला, एक डब्लिनला. खेळ ठरलेला, 'डोन्ट स्टार्व्ह टुगेदर'. 2016चा आहे, पण अजून सुटत नाही.

सुरुवातीला कोण कोणतं पात्र घेणार ते निवडायचं असतं. तिघं पोरं आपापले लढवय्ये पकडतात आणि मग कुणीतरी मला म्हणतं, "तू वॉर्ली ना?" वॉर्ली म्हणजे स्वयंपाकी. प्रश्नचिन्ह नुसतं नावाला.

खरं सांगते, मला वॉर्ली आवडतो. पातेल्यात चार जिन्नस पडतात. एक मांसाचा तुकडा, तीन बर्फाचे खडे, झाले मीटबॉल्स. राक्षसी मांसाचे दोन तुकडे पडले तर मात्र मॉन्स्टर लझान्या होतो, आणि तो खाल्ला की तब्येतही जाते, डोकंही. त्यात वॉर्लीला तोच पदार्थ लागोपाठ दिला की त्याचं पोट भरत नाही (आमचे आजोबा!). एकविसाव्या दिवशी हिवाळा लागतो. खेळातला एक दिवस आठ मिनिटांचा, म्हणजे साठवणीला हातात दोन तास चाळीस मिनिटं. हे निव्वळ कपॅसिटी प्लॅनिंग आहे. कौतुक मात्र भाला मारणाऱ्याचं होतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी कुणाला न विचारता वुल्फगँग घेतला. डंबेल्स मारणारा, अंधाराला घाबरणारा पहिलवान.

"मग जेवण?"

"बघू की."

कुणी बघितलं नाही. लढलो मात्र झकास. हिवाळा आला, बेरीची झुडपं फळायची थांबली, आइस बॉक्समध्ये तीन गाजरं. तिसाव्या दिवसाच्या आसपास डिअरक्लॉप्स नावाचा एकडोळ्या राक्षस तळ मोडायला येतो. तो यायच्या आधीच आम्ही चौघं उपाशी मरून भुतं झालो होतो.

सगळेच मेले की दोन मिनिटांत ते जग पुसलं जातं. वर आकडे उलटे मोजत होते.

"वॉर्ली हवा होता यार," बंगळुरूवाला म्हणाला.

"मग घ्यायचा होतास."

आणि मग मी थांबलेच नाही. पहिल्या वर्षापासून प्रोजेक्टचा रिपोर्ट मीच लिहिला, पीपीटी मीच केली, ट्रिपचा हिशोबही माझ्याकडेच. कधी विचारलंत?

"पण तुला आवडतं ना ते?" डब्लिनवाल्यानं विचारलं. अगदी सरळपणे.

"आवडतं."

"मग?"

मला सांगता येईना. तेवढ्यात जग पुसलं गेलं.

पुढच्या शनिवारी पुण्यातला दुसरा म्हणाला, "वॉर्ली कोण घेतंय?" कुणीच बोललं नाही. मी मुद्दाम पाणी प्यायला उठले, सावकाश परत आले आणि वॉर्ली घेतला. त्या रात्री सशांचे सापळे बंगळुरूवाल्यानं लावले. वाईट लावले, पण लावले.

सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये नोट्स कोण घेतंय, असं कुणी विचारलं नाही. माझ्या लॅपटॉपवर फाइल आधीच उघडलेली होती. तारीखही टाकून झाली होती.