कुणाच्या मापाने

चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये सचिवालय एका नजरेत मावत नाही. लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. या सगळ्या काँक्रीटच्या मुळाशी वास्तुकार ले कॉर्बुझिएचे ‘मॉड्युलॉर’ हे माप आहे. त्यातला माणूस म्हणजे सहा फुटी पुरुष, १८३ सेंटिमीटर. हात वर केला की २२६. आधी त्याने १७५ धरले होते. इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात, म्हणून आकडा वाढवला. चंडीगड उभारणाऱ्या वास्तुकारांत जेन ड्रू होत्या, युली चौधरी होत्या. माप पुरुषाचेच राहिले.

*

पोलिसांवरून आठवले. महाराष्ट्रात शिपाई भरतीला उंची पुरुषांना १६५, स्त्रियांना १५५ सेंटिमीटर. धावायचे १६०० आणि ८०० मीटर. २०२२ मध्ये आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या तृतीयपंथी उमेदवार भरतीला उतरायला निघाल्या, तर अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने (मॅट) तो ठेवायला सांगितले, सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने डिसेंबरात बजावले: २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत शारीरिक चाचणीचे नियम करा. स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजीच मान्य केला होता. एका रकान्याला आठ वर्षे लागली!

इथे चंडीगडला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातही २०२३ मध्ये चंडीगड पोलीस भरतीचा असाच प्रश्न आला.

*

भादली बुद्रुक, जिल्हा जळगाव. ग्रामपंचायतीचा प्रभाग स्त्रियांसाठी राखीव. अंजली पाटील तृतीयपंथी म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तो निर्णय रद्द केला. अंजली यांनी आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे, पुढे सोयीने ती बदलणार नाहीत, हे निकालात नोंदले गेले. त्या निवडूनही आल्या.

मला हा निकाल पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. शरीराची झडती नाही, पण शब्दाला बांधिलकी आहे. ‘उद्या कुणीही उठेल आणि स्वतःला बाई म्हणवेल’ या भीतीला त्यात उत्तर आहे. मध्य प्रदेशात कटनीच्या तृतीयपंथी महापौर कमला जान यांना असा निकाल मिळाला नाही. जागा स्त्रियांसाठी राखीव म्हणून त्यांची निवड रद्द झाली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले.

*

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी समानता कायद्यापुरती ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री असे ठरवले. त्याच निकालात ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम आहे, असेही म्हटले. वादातल्या दोन्ही बाजूंनी आपापले अर्धे उचलले. मला ‘कायद्यापुरती’ हा भाग मोलाचा वाटतो.

*

क्रिकेटमध्ये आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स खेळाडूंना स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतून वगळले. या बंदीच्या बाजूने वाद घालणारी प्रत्येक स्त्री ट्रान्सद्वेष्टी ठरत नाही. हाडे, स्नायू, वेग यांचा प्रश्न खराच आहे. मात्र मैदानावरची ही अट ग्रामपंचायतीच्या प्रभागाला लावली, तर तिला काहीच आधार उरत नाही.

*

परदेशात स्वच्छतागृहांवरून रण पेटते. इथे चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात तृतीयपंथी कार्यकर्त्या धनंजय चौहान यांनी तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहाची मागणी लावून धरली. पुरुषांच्या दारात टिंगल, बायकांच्या दारात संशय. दिवसभर पाणी न पिता वर्गात बसायचे, हे वादात कुणी मोजत नाही.

*

ट्रान्सद्वेष कशाला म्हणावे? माझ्यापुरते: घर, नोकरी, उपचार, शाळा नाकारणे, हाक मारताना मुद्दाम जुनेच नाव लावणे, माणूस समोर असून त्याचे असणेच खोटे ठरवणे. प्रश्न विचारणे नव्हे. व्याख्या फार सैल केली की खरा छळ त्यात दिसेनासा होतो.

*

छळाची किंमत कायद्याने काय धरली? २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्यात कलम १८ खाली मारहाणीला, घरातून हाकलण्याला आणि लैंगिक अत्याचारालाही एकच शिक्षा लिहिली गेली: सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे आहेत. अंजली पाटील राखीव प्रभागापुरत्या स्त्री ठरल्या. त्यांच्यावर अत्याचार झाला, तर त्या कोणत्या कलमात बसतील, याचे उत्तर संसदेने स्पष्ट लिहून द्यायला हवे.