गोळीनंतरची माघार

प्लेगचं नाव निघालं की पुण्याला प्लेग अधिकारी रँड आठवतो. 22 जून 1897 ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, रँडवर झाडलेली चापेकर बंधूंची गोळी. त्यावर चित्रपटही निघाला. पुढे सरकार आणि रयत यांच्यातलं भांडण निवळलं कसं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सरकारी माघारीवर चित्रपट कोण काढणार?

भांडण रोगावरून कमी, उंबऱ्यावरून जास्त होतं. गोरे सोजीर माजघरात, देवघरात शिरत. काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपत. बायामाणसंही त्यातून सुटत नसत. संशय आला की आजारी माणूस इस्पितळात, घरचे सेग्रिगेशन कॅम्पात, सामान रस्त्यावर.

मुंबई तर त्याआधीच भडकली होती. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पुढे 9 मार्च 1898 ला तिथेच मदनपुऱ्यात एका लहान मुलीला तपासायला पथक आलं आणि जुलाहे विणकर रस्त्यावर उतरले.

बडग्याने प्लेग हटत नाही, हे मग सरकारला हळूहळू उमगलं. सक्ती सैल झाली. झडतीच्या पथकांबरोबर वस्तीतली जाणती माणसं जाऊ लागली, जातीजमातींच्या खासगी इस्पितळांना मोकळीक मिळाली. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, पण लोकांची भीती तेवढ्याने गेली नाही. खोजांचे धर्मगुरू असलेल्या तरुण आगाखानांनी अनुयायांदेखत दंड पुढे केला, तेव्हा खोजे पुढे आले. दाराशी ओळखीचा चेहरा हवा होता, एवढंच.

अर्थात ही शांतता जातीच्या भिंती शाबूत ठेवूनच आली. हडपसरजवळ मुलाच्या दवाखान्यात जात न विचारता रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई फुले मार्च 1897 मध्ये प्लेगनेच गेल्या. त्यांची वाट सरकारनेही धरली नाही आणि इस्पितळं काढणाऱ्या बहुतेक पुढाऱ्यांनीही नाही.

1897 चा साथरोग कायदा मात्र टिकला. 2020 मध्ये कोरोनासाठी तोच बाहेर काढला. डॉक्टर-नर्सवर हल्ले होऊ लागले म्हणून एप्रिलमध्ये त्यात 7 वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली. ती हवीच होती. पण दाराच्या आतल्या माणसाने दाद कुठे मागायची, याबद्दल तिच्यात अक्षर नव्हतं. टाळेबंदी मोडली म्हणून महाराष्ट्रात भादंवि कलम 188 खाली गुन्ह्यांचा ढीग लागला. ते मागे घेण्याची घोषणा गृहमंत्र्यांनी 2022 मध्ये केली. या वेळची माघार निदान दंगलीवाचून झाली.