चालत्या घराची मोरी

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, आणि घर म्हटलं की मोरी आली, संडास आला. फक्त इथलं सांडपाणी गटारात जात नाही. ते आपल्या पायाखालच्या टाकीत साठतं आणि आपल्याबरोबर प्रवास करतं. आमच्या चोवीस फुटी गाडीला पाण्याच्या तीन टाक्या आहेत. एक चांगल्या पाण्याची. दुसरी सिंक, बेसिन आणि शॉवरच्या पाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात. तिसरी संडासाची, ती ब्लॅक टँक. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या ३० गॅलनच्या, म्हणजे साधारण ११४ लिटरच्या. आईने त्यांची नावं ऐकून घेतली आणि सरळ मोरीची टाकी, संडासाची टाकी असं म्हणायला लागली. मग आम्हीही.

गाडी आम्ही कॅलिफोर्नियात सेकंडहँड घेतली. त्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती, तिला यूटा दाखवायचं ठरलं. झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मग मोआब. वास तिलाच पहिल्यांदा आला. पुढे गाडी चालवणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही, मागे जेवणाच्या टेबलाशी पट्टा लावून बसलेल्याला जाणवतो. लास व्हेगास मागे टाकून आम्ही आय-१५ ला लागलो आणि ती म्हणाली, "अरे, सडक्या अंड्यासारखं काहीतरी येतंय."

अशा वासाचा मोटरहोममध्ये पहिला संशय संडासावर घ्यायचा नाही, गॅसवर घ्यायचा. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात, आणि त्याचा दर्प पुष्कळ जणांना सडक्या अंड्यासारखाच वाटतो. रेस्ट एरियात गाडी थांबवून मी प्रोपेनच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडे नाहीत. गॅसचा अलार्म जमिनीलगत बसवलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. तोही गप्प होता. दुसरा संशय बॅटरीवर. लेड-ॲसिड बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होत राहिली की तापते आणि हायड्रोजन सल्फाइड सोडते. आमची थंडगार होती. तिसरा संशय गिझरवर. त्याच्या टाकीत गंज टाळायला मॅग्नेशियमची कांडी असते, आणि पाण्यात सल्फेट असलं तर तिच्यामुळे नुसत्या गरम पाण्याला हा वास लागतो. नळ सोडून हुंगला. तसं काही नव्हतं. हे तिन्ही संशय फिटल्यावरच टाक्यांकडे वळायचं. गॅसची शहानिशा न करता रूम फ्रेशनर मारत सुटणारी माणसं मी कॅम्पग्राउंडवर पाहिली आहेत आणि त्यांच्या शेजारची जागा नाकारलीही आहे.

झायनला पोचल्यावर ब्लॅक टँक रिकामी केली. डंप स्टेशनचा विधी ठरलेला आहे. हातमोजे, तीन इंची जाड होज, तिच्या तोंडाशी पारदर्शक कोपर. आधी काळी टाकी सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघते. तिथे रांगेत निवृत्त अमेरिकन पुरुष असतात आणि त्यांना या विषयावर बोलायला फार आवडतं. एकाने टाकीत बर्फाचे तुकडे टाकून गाडी पळवायला सांगितलं, म्हणजे भिंती खरवडून निघतात. उन्हाळ्यात यूटाच्या रस्त्यावर पाण्यात टाकलेला बर्फ किती मैल टिकेल याचा त्याने विचार केला नसावा. दुसऱ्याने ब्लीच सुचवलं. ब्लीच लघवीतल्या अमोनियाला भेटलं की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, म्हणून तो सल्ला मी हसून ऐकला आणि तिथेच सोडला. तिसऱ्याचा भरवसा निळ्या औषधावर होता. जुन्या निळ्या औषधांत फॉर्माल्डिहाइड असायचं. ते जंतू मारतं हे खरं, पण पुढे सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतूही मारतं. कॅलिफोर्नियात या टाक्यांसाठी तसलं रसायन विकायला बंदी आहे ती त्यामुळेच.

टाकी रिकामी झाली, वास मात्र वाढला. हे चमत्कारिक वाटतं, पण आहे तर्कसंगत. भरल्या टाकीत वायूला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत तळाशी चिकटलेला गाळ उघडा पडतो, आणि वर ३० गॅलन जागा वायूला मोकळी. म्हणून डंप केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी टाकीत परत सोडायचं, ते गाळावर झाकणासारखं बसतं. सोडलं. थांबलेल्या गाडीतला वास कमी झाला, धावत्या गाडीतला नाही.

इथे आईचं निरीक्षण कामी आलं. दुसऱ्या दिवशी ब्राइसच्या वाटेवर ती म्हणाली, "खिडकी उघडली की जास्त येतो. पंखा लावला की त्याहून जास्त. आपल्याकडे कसं, मोरीचा वास आला की खिडकी उघडतात. इथे उलटंच."

बायको म्हणाली, "आई, तुम्हाला भास होत असेल. खिडकीने वास जातो, येत कसा असेल?"

भास नव्हता. गाडी वेगात असली की खिडकीवरून धावणारा वारा आतली हवा बाहेर खेचतो. छताचा पंखाही तेच करतो. बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला कुठून तरी हवा आत यावीच लागते. टाकीला छतापर्यंत जाणारा व्हेंट पाइप असतो. संडासाचं सील ढिलं असेल तर बाहेरची हवा त्या पाइपातून खाली उतरते, टाकीत फिरते आणि संडासाच्या भांड्यातून वर येते. तुम्ही ताज्या हवेसाठी खिडकी उघडता आणि ती ताजी हवा मैल्यावरून फिरून तुमच्याकडे येते. टाकीत कितीही औषध ओता, ही वाट उघडी आहे तोवर उपयोग नाही.

मोटरहोमच्या संडासाला घरच्यासारखा पाण्याचा वाकडा ट्रॅप नसतो. पायाने दाबायचं पेडल, त्याने सरकणारी चकती, आणि तिच्याभोवती रबराचं सील. सीलवर थोडं पाणी उभं राहिलं की वायू अडतो. रात्री आम्ही भांड्यात चार बोटं पाणी ठेवलं, सकाळी भांडं कोरडं. आई म्हणाली, "म्हणजे नहाणी ट्रॅप सुकल्यासारखंच की!" सांगलीचं घर मे महिन्यात बंद ठेवलं की परत आल्यावर बाथरूममध्ये पाऊल ठेववत नाही. ट्रॅपमधलं पाणी उडालेलं असतं, ती दार उघडल्या उघडल्या तांब्याभर पाणी ओतते आणि मग चहा टाकते. यूटाच्या कोरड्या हवेत हेच सगळं झपाट्याने होतं.

सील जुन्या टूथब्रशने घासलं. त्याच्या खाचेत कागदाचा चुरा आणि पांढरा क्षार बसला होता. मग सिलिकॉनचं प्लंबर ग्रीस लावलं. व्हॅसलिन लावायचं नाही, पेट्रोलियमने रबर फुगतं आणि खराब होतं. त्या रात्री पाणी टिकलं.

जाता जाता एक सांगतो. या टाक्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू पाण्याची काटकसर. पाणी कमी आणि कागद जास्त झाला की मैला भांड्याच्या बरोबर खाली ढीग होऊन घट्ट बसतो. कॅम्पग्राउंडवर गटाराची जोडणी मिळाली म्हणून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवणाऱ्यांचंही तेच होतं. पाणी वाहून जातं, ढीग राहतो. तो बंद ठेवायचा आणि टाकी निदान दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं जातं. आम्ही तिघंही पाणी वापरणारी माणसं, कागदाचं रीळ आमच्याकडे महिनोन्महिने पुरतं. टाकी लवकर भरते, तक्रार तेवढीच. पारदर्शक कोपरातून जे वाहताना दिसतं ते पाहून रांगेतल्या एका गृहस्थाने आम्ही कुठलं औषध वापरतो असं विचारलं. आईला भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

संडासाचा वास गेला आणि त्याच्या खालून दुसरा उघडा पडला. हा अंड्याचा नव्हता. शिळ्या वरणाचा, आंबलेल्या ताकाचा होता, आणि सिंकच्या बाजूने येत होता. ग्रे टँक म्हणजे नुसतं साबणाचं पाणी, ती कशाला घाण मारेल, असा पुष्कळांचा समज असतो. माझा अनुभव उलट आहे. आमच्या सिंकमधून फोडणीचं तेल जातं, डाळीचं पाणी जातं, ताकाचं भांडं विसळलेलं जातं. तेल टाकीच्या भिंतींना चिकटतं, त्याला अन्नाचे कण चिकटतात, आणि उन्हात त्यावर जंतू माजतात. टाकी किती भरली हे सांगणारे सेन्सरही त्याने लेपून जातात आणि रिकामी टाकी भरलेली दाखवतात.

पण टाकीत काय आहे हा पुढचा प्रश्न. आधी वाट शोधायची. पहिल्या दिवशी आईने वास झाकायला उदबत्ती काढली होती, तेव्हा गॅसची खात्री नव्हती म्हणून मी ती पेटवू दिली नव्हती. आता कॅपिटल रीफजवळ मी स्वतःच मागितली. प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद, खिडक्या बंद, छताचा पंखा हवा बाहेर फेकत ठेवलेला. मग उदबत्ती प्रत्येक जाळीपाशी, प्रत्येक फटीपाशी धरायची आणि धूर कुठे ढकलला जातो ते बघायचं. बेसिनपाशी धूर सरळ वर. शॉवरच्या जाळीपाशी हलकासा डुलला. सिंकखालच्या कपाटात धरली तर धूर आडवा होऊन थेट माझ्या तोंडावर आला.

त्या कपाटात मागच्या बाजूला एका उभ्या पाइपावर काळी प्लास्टिकची टोपी होती. तिला एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह म्हणतात. सिंकमधून पाणी उतरताना पाइपात हवा आत घ्यायची आणि पाणी थांबलं की मिटायचं, एवढंच तिचं काम. आतली रबराची चकती तेलकट लेपाने उघडीच अडकली होती. गाडीच्या हेलकाव्यांनी ग्रे टँकचा वायू तिथून सरळ स्वयंपाकघरात येत होता. हार्डवेअरच्या दुकानात ही टोपी थोड्या डॉलरांत मिळते आणि हाताने फिरवून बसते. शॉवरचा उपाय त्याहून स्वस्त. घाटाच्या वळणांवर तिथल्या ट्रॅपमधलं पाणी हिंदकळून सांडतं, म्हणून गाडी निघताना रबरी बूच लावायचं.

टाकीची सफाई मोआबच्या वाटेवर झाली. निघण्याआधी भांडी घासायचं लिक्विड आणि भरपूर गरम पाणी ग्रे टँकमध्ये ओतलं आणि रस्त्याला ते घुसळू दिलं. मोआबला टाकी सोडली तेव्हा आलेल्या पाण्याचा रंग हळदीचा होता. तेव्हापासून कढई-ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्यायची, हा नियम बायकोने केला आहे. ब्लॅक टँकमध्ये मी आता नायट्रेटची भुकटी घालतो. प्राणवायू नसला की काही जंतू सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नायट्रेट मिळालं की जंतूंचं काम त्यावर चालतं आणि सडक्या अंड्याचा वास होत नाही. भर उन्हाळ्यात मात्र भुकटी जास्त लागते, आणि तरी तीव्र उकाड्यात टाकी फार दिवस साठवू नये.

आई परत गेली, गाडी हिवाळ्यासाठी उभी केली. उभ्या गाडीत ट्रॅप सुकतात आणि वसंतात दार उघडलं की जुना वास स्वागताला असतो. त्यामुळे टाक्या धुऊन झाल्यावर प्रत्येक जाळीत गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ ओतलं. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. ते पाण्यासारखं लवकर उडत नाही, आणि ट्रॅप गोठून फुटतही नाही. थोडं संडासाच्या भांड्यातही सोडलं, सील ओलं राहायला. छतावरच्या व्हेंटची टोपी तेवढी तडकली आहे, ती मार्चमध्ये बदलायची आहे.