उसाच्या फडातला खोकला

दिवाळीच्या आगेमागे बारामती-इंदापुरात गाळपाची लगबग सुरू होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांसाठी बीड, अहिल्यानगरकडून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, येतात, माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. छातीरोगांचा डॉक्टर म्हणून या दिवसांत माझे कान एकाच गोष्टीकडे असतात: दोन आठवड्यांवर गेलेला खोकला.

तो अंगावर काढायला सबबी हाताशीच असतात. पाचटाचा धूर, पहाटेचा गारठा, तंबाखू. पण संध्याकाळी कणकण, रात्री घाम, भूक मेलेली, वजन उतरलेलं, बेडक्यात रक्ताची रेघ, यांपैकी काहीही असलं तर थांबू नये. सगळी लक्षणं एकदम दिसतील, याची वाट पाहू नये.

कारण हा खोकला क्षयाचा असू शकतो. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला. तो हवेतून शरीरात शिरला, म्हणजे क्षय झालाच असं नव्हे. बहुतेकांच्या अंगात तो निपचित पडून राहतो. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे कधीतरी आजार होतो. त्याला वाट करून देतात कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि दारू. म्हणून कोपीत अर्धपोटी राबणारी बाई जितक्या धोक्यात, तितकाच साखर आटोक्यात नसलेला बागायतदारही. मधुमेहाने हा धोका दुप्पट-तिप्पट होतो. अन्नाचं मोल झारखंडमधल्या अभ्यासाने 2023 मध्ये दाखवलं: रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात फुफ्फुसाचा क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

निदानाचं सगळं गणित बेडक्यावर असतं. पुष्कळ जण डबीत लाळ देतात आणि तपासणी वाया जाते. चूळ भरावी, उघड्यावर इतरांपासून दूर उभं राहावं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि छातीच्या तळापासून खोकून घट्ट, पिवळसर बेडका काढावा. एक नमुना त्याच वेळी, दुसरा सकाळी उठल्याबरोबर. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्र काही तासांत जंतू शोधतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, तेही सांगतं. एक्स-रे संशय पक्का करतो, पण शक्य तिथे बेडक्याची तपासणी व्हायलाच हवी. मानेची गाठ असेल तर सुईने तिच्यातला नमुना घ्यावा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे दंड, पडतो, डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल असते. त्यामुळे तपासणी पुढे ढकलली जाते. उपचार साधारण सहा महिन्यांचे, हंगामही जवळपास तेवढाच. काही आठवड्यांत ताप उतरतो, अंगात बळ येतं आणि गोळ्या सुटतात. तिथेच औषधाला न जुमानणारा क्षय तयार होऊ शकतो. क्षयरुग्णांची सरकारी निक्षय नोंदणी झाली असेल तर पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उरलेल्या गोळ्या गावाकडच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आहारासाठी महिन्याला 1000 रुपयेही.

म्हणून माझं मागणं मुकादमांकडे आणि कारखान्यांकडे आहे. गव्हाणीत मोळी पडते त्याच आठवड्यात कोप्यांवर तपासणी व्हावी, त्या दिवसाचा खाडा माफ व्हावा आणि रुग्ण सापडला तर त्याच्या कोपीतल्या प्रत्येकाला तपासावं, लेकरांना आधी.