जलविहारांतील पहिली सोय

विचुंब्यास गाढी नदीच्या काठीं राहूनही आम्हां मंडळींची जलविहाराची हौस भागत नाहीं. म्हणून गेल्या पौषांत पनवेलहून आगगाडीनें मुंबईस जाऊन आम्ही गेटवेपाशीं घारापुरीच्या लाँचमध्यें बसलों. तासाभराचा प्रवास, पण सरंजाम केवढा! चहाचा थर्मास, दशम्यांचा डबा, छत्री, मळमळीवर आलेपाक, दुर्बीण, शिवाय मुलांच्या मोबाइलसाठीं पॉवर बँक.

आजींनीं मात्र बसतांच विचारलें, “सगळ्यांना पुरतील एवढीं लाइफ जाकिटें आहेत ना?”

मुलें हसलीं, आम्हांस हसूं आलें नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसास निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं तर घारापुरीच्या याच वाटेवर नौदलाची वेगवान नौका आदळून ‘नीलकमल’ उलटली.

बाकाखालीं पडलेलें जाकीट बुडत्याच्या कामीं येत नाहीं, आणि मोठ्यांचें जाकीट लहानग्याच्या खांद्यांवरून निसटतें. म्हणून प्रत्येकाच्या मापाचें जाकीट पाहून पट्टे आंवळले, आणि मगच थर्मासाचें झांकण उघडलें. पहिला पेला अर्थातच आजींस दिला.