कंसातली भाषा

दोन देशांचे संबंध म्हटले की करारनामे, आगबोटी आणि मालाचे भाव डोळ्यांपुढे येतात. ऑस्ट्रेलिया आणि उत्तर मॅसिडोनिया यांना मात्र जोडले ते पोटासाठी घर सोडणाऱ्या माणसांनी. बिटोला, ओह्रिड, प्रेस्पा या मुलखांतले गडी परदेशी जात, चार पैसे गाठीला बांधून परत येत. या वनवासाला त्यांच्या भाषेत ‘पेचालबा’ असा शब्दच आहे. 1924 साली अमेरिकेने आपली दारे आवळली, तसा हा ओघ ऑस्ट्रेलियाकडे वळला. पर्थच्या भाजीमळ्यांत आणि पुढे पोर्ट केम्बलाच्या पोलादभट्ट्यांत ही माणसे राबली. मागोमाग बायकामुले आली, आणि परतायचे राहूनच गेले.

1991 साली त्यांचा मायदेश युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. पण आमच्या प्रांताचे नाव तुम्ही घेताच कसे, म्हणून ग्रीस अडून बसला. आता गंमत अशी की, मेलबर्नात ग्रीकांचीही वस्ती दांडगी! फेब्रुवारी 1994 मध्ये ऑस्ट्रेलियाने नव्या देशाला मान्यता दिली, तीही ‘पूर्वाश्रमीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ अशा लांबलचक नावाने. तरी ग्रीक मंडळी खवळली. मग त्यांच्या समाधानासाठी सरकारने ठरवले, या लोकांना ‘स्लाव्ह मॅसिडोनियन’ म्हणावे. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याने त्यांच्या भाषेच्या नावापुढेही कंसात ‘स्लाव्होनिक’ जोडले.

मी पडलो भाषेचा मास्तर. देशाच्या नावापेक्षा मला हा कंसच अधिक बोचतो. या भाषेची प्रमाण वर्णमाला 1945 ची, म्हणजे कितीतरी आज्या तिच्याहून वयाने मोठ्या. त्या आजीने नातवाला ‘ही आपली भाषा’ म्हणून सांगावे आणि सरकारी कागदाने तिला कंसाची वेसण घालावी, हा कुठला न्याय? 2000 साली तिथल्या मानवी हक्क आयोगाने हा भेदभाव बेकायदेशीर ठरवला, हे बरे झाले.

पुढे 17 जून 2018 रोजी प्रेस्पा सरोवराकाठी ग्रीसशी करार झाला. देशाच्या नावामागे ‘उत्तर’ लागले, भाषा मात्र करारातही नुसती ‘मॅसिडोनियन’च राहिली. वाटाघाटी चालू असताना, नाव बदलू नका म्हणून मेलबर्नात हजारो मॅसिडोनियन रस्त्यावर उतरले होते. मायदेशातल्या सरकारला नाटोत जायचे होते. 2020 मध्ये ते गेलेही. मेलबर्नकरांना कुठेच जायचे नव्हते. गाव मागे सुटले होते, शेत गेले होते; बरोबर आणलेले तेवढे नाव उरले होते.